वाचक मोजले, सामना कोण पाहतो?

क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळावर लिहायचे तर आपल्याकडे जागा मिळत नाही, ही तक्रार क्रीडापत्रकारितेइतकीच जुनी आहे. पोरुष जैन यांनी २००९ मध्ये बंगळुरूत ‘स्पोर्ट्सकीडा’ सुरू केले आणि या तक्रारीला प्रथमच भरघोस उत्तर मिळाले. इंग्लिश फुटबॉलसाठी रात्री जागणारा विद्यार्थी, टेनिसवेडा नोकरदार, फॉर्म्युला वनचा प्रत्येक टप्पा पाठ असलेली मुलगी, अशा कोणालाही तिथे लिहिता येऊ लागले. ओळखपत्र नको, संपादकाची ओळख नको. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या बंगळुरू एफसीने पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकली, २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, आणि या खेळांवर रोज लिहिणारे हात आधीच तयार होते.

ते लेखन कच्चे होते. माहिती उसनी, भावना जास्त, भाषा सैल. पण लिहिणाऱ्याने सामना पाहिलेला असायचा आणि हरल्यावर त्याला झोप लागलेली नसायची. हौशी लेखनाचे हे बळ मला फार मोलाचे वाटते.

याआधीही असे घडले होते. १९९३ मध्ये सायमन किंग यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातून क्रिकइन्फो सुरू केले. परदेशात शिकणाऱ्या क्रिकेटवेड्यांनी, त्यात कितीतरी भारतीयांनी, विनामोबदला धावफलक टंकून ते वाढवले. २००३ मध्ये ते विस्डेनकडे आणि २००७ मध्ये ईएसपीएनकडे गेले. मालक दोनदा बदलले, पण संपादन ही स्वतंत्र किमतीची गोष्ट आहे हे भान टिकले. संबित बाल यांच्या संपादकत्वाखाली, शारदा उग्रा यांच्यासारख्या मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या पत्रकारांना घेऊन, या संस्थेच्या बंगळुरूच्या कचेरीने भारतीय क्रिकेटलेखनाला नवी उंची दिली. २०१४ मध्ये ‘द क्रिकेट मंथली’ निघाले तेव्हा आंतरजालावर दीर्घलेख कोणी वाचत नाही, या समजाला चांगला धक्का बसला. त्याच शहरातल्या क्रिकबझने (स्थापना २००४, टाइम्स इंटरनेटकडे २०१४) चेंडूगणिक समालोचनाचा वेगळा रस्ता धरला आणि तो उत्तम सांभाळला.

स्पोर्ट्सकीडाची मालकी बदलली ती २०१९ मध्ये. नितीश मित्तरसेन यांच्या मुंबईतल्या नझारा टेक्नॉलॉजीजने ‘अब्सोल्यूट स्पोर्ट्स’ या मूळ कंपनीतला ६७ टक्के हिस्सा सुमारे ४४ कोटी रुपयांना घेतला. २०२४ मध्ये आणखी १९.३५ टक्क्यांसाठी नझाराने १४५.५ कोटी मोजायचे ठरवले. ढोबळ हिशेब केला तर पाच वर्षांत कंपनीचे मोल ६५ कोटींवरून साडेसातशे कोटींवर गेले. भारतातल्या क्रीडालेखनातून असे मोल उभे राहणे अपूर्व आहे, आणि ते उभारणाऱ्यांचे कौतुक व्हायलाच हवे.

पण ही वाढ कशावर झाली? अमेरिकी वाचकावर. तिथल्या एका वाचकामागे जाहिरातीचे जे पैसे मिळतात, त्याच्या जवळपासही भारतीय वाचक पोहोचत नाही. म्हणून डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीला अग्रस्थान मिळाले. बिल ऍप्टर यांच्यासारखा त्या क्षेत्रातला मुरलेला पत्रकार जोडला गेला, व्हिडिओ गेमवरचे लेखन फोफावले. २०२३ मध्ये अमेरिकी फुटबॉलला वाहिलेल्या ‘प्रो फुटबॉल नेटवर्क’मधला ७३ टक्क्यांहून अधिक हिस्सा १८.२ लाख डॉलरना घेतला गेला.

व्यवसाय म्हणून यात खोट काढता येत नाही. लेखनकला म्हणून मात्र काढावी लागते. लेखाचे मोल किती जणांनी तो उघडला यावर ठरू लागले की लेखक सामन्याकडे पाहणे सोडून शोधयंत्राकडे पाहू लागतो. खेळाडूच्या पत्नीने काय लिहिले, चाहते कशावर चिडले, ‘पाच कारणे’, ‘तीन खेळाडू’, असा मजकूर अर्ध्या तासात तयार होतो आणि दुसऱ्या दिवशी मरतो. दुखणे एकट्या बंगळुरूचे नाही. अमेरिकेत २००५ मध्ये चाहत्यांच्याच लेखनावर उभ्या राहिलेल्या एसबी नेशनवर पुरेसा मोबदला न दिल्याचे दावे झाले, आणि २०१९ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या सुमारे दोनशे मुक्त लेखकांचे काम गेले. चाहत्याच्या प्रेमावर उभी राहिलेली संस्था मोठी झाली की त्या प्रेमाचा दाम किती, हा प्रश्न तिला टाळता येत नाही.

आणि हरवते काय, ते कबड्डीत फार स्वच्छ दिसते. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो, तेव्हा डाव्या कोपऱ्यातला बचावपटू घोट्यावर झेपावायला क्षणभर थांबतो. तो का थांबला? शेजारच्याने साखळी सोडली म्हणून, की आधीच्या चढाईत फसला म्हणून? सात गड्यांतले चार बाद असताना लोण वाचवायला कर्णधाराने कोणाला पुढे धाडले, आणि का? हे कळायला सामना पाहावा लागतो, तोही पुन्हा पुन्हा. वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये कबड्डी-खोखोला मानाची जागा दिली, तेव्हा या देशी खेळांकडेही तितक्याच बारकाईने पाहण्याची शिस्त मराठी वाचकाला लागली. आज प्रो कबड्डीच्या प्रत्येक सामन्याचा वृत्तांत मिनिटांत मिळतो. त्यात गुण असतात, सर्वोत्तम चढाईपटू असतो, पुढचा सामना कधी हेही असते. तो थांबलेला क्षण क्वचितच असतो.

नव्या मालकांना दोष देऊन इथे थांबणे सोपे आहे, पण मला ते न्याय्य वाटत नाही. जाहिरातदार, शोधयंत्र आणि अर्धा मिनिट थांबून पुढे सरकणारे आपण वाचक, तिघांनीही हे घडवले आहे. तरीही साडेसातशे कोटींच्या संस्थेकडून एक गोष्ट मागण्याचा हक्क त्या पहिल्या हौशी लेखकांमुळे आपल्याला आहे. त्यांच्यातल्याच दहा-बाराजणांना पगार, प्रवासखर्च आणि आठवडाभराची मुदत देऊन पुढच्या राष्ट्रीय कबड्डी अजिंक्यपदाला पाठवावे, आणि ते लेख किती जणांनी उघडले हे वर्षभर मोजू नये.