प्रकाशप्रेरित जंतुनाश : ९९.९ टक्क्यांची चिकित्सा

प्रकाशाच्या साहाय्याने जीवाणू मारणाऱ्या अब्जांशी पदार्थांत टायटॅनियम डायऑक्साइडचे स्थान अग्रगण्य आहे. फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ मध्ये या पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन घडवून दाखविले. मात्सुनागा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्लॅटिनमयुक्त टायटॅनियम डायऑक्साइडने सूक्ष्मजीव मारता येतात हे सिद्ध केले. प्रकाशाने कणांतील इलेक्ट्रॉन उद्दीपित होतात, हायड्रॉक्सिलसारखे तीव्र मूलक निर्माण होतात आणि पेशीपटलातील मेदाचे ऑक्सिडीकरण होते. येथवरचे विवेचन निर्विवाद आहे. प्रश्न त्यापुढील दाव्यांचा आहे.

‘९९.९ टक्के जीवाणू नष्ट झाले’ हे वाक्य या विषयावरील शोधनिबंधांत वारंवार आढळते. एक मिलिलिटर द्रावणात आरंभी एक कोटी पेशी असतील, तर एवढ्या ‘यशा’नंतरही दहा हजार पेशी जिवंत उरतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये. शिवाय अनुकूल पोषणात ई. कोलाय सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे साधारण साडेतीन तासांत संख्या पूर्ववत होऊ शकते. तरीही प्रकाश बंद केल्यानंतरची मोजणी अनेक निबंधांत दिलेली नसते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. चांदीचा अंश मिसळलेले कण दृश्य प्रकाशात प्रभावी ठरल्याचे सांगितले जाते. परंतु चांदीचे आयन अंधारातही जीवाणुनाशक असतात. केवळ प्रकाश, केवळ कण (अंधारात), दोन्ही एकत्र आणि दोन्हींविना, असे चारही प्रयोग समांतर केल्याशिवाय श्रेय प्रकाशाचे की चांदीचे, हे ठरत नाही. (मिथिलीन ब्ल्यूचा रंग उडाला, एवढ्यावरून जंतुनाशाचे अनुमान काढणे तर सर्वस्वी अग्राह्य.)

अ‍ॅनाटेज रूपाचा ऊर्जा-पट्टभेद सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने त्याला ३८७ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो. सूर्यप्रकाशात असा अंश जेमतेम पाच टक्के. रुग्णालयातील एलईडी दिव्यांत तो जवळजवळ नसतोच. प्रयोग मात्र अतिनील दिव्याखाली, शुद्ध क्षारद्रावणात होतात. नदीच्या गढूळ पाण्यात प्रकाश आत पोहोचत नाही, आणि सेंद्रिय द्रव्य जीवाणूंआधीच मूलक शोषून घेते. अशा पाण्याचा एक तरी नमुना, तोही नंतरच्या चोवीस तासांच्या मोजणीसह, तपासलेला नसेल, तर निबंधाच्या शीर्षकातील ‘जलशुद्धीकरण’ हा शब्द परीक्षकांनी वगळण्यास सांगावा.