रजेचे सात दिवस

चंद्रधर शर्मा गुलेरी यांच्या 'उसने कहा था' या कथेवर हिंदीत इतके लिहिले गेले आहे, की तिच्याविषयी आणखी काही म्हणणे धाडसाचेच ठरावे. १९१५ साली 'सरस्वती' मासिकात ती प्रसिद्ध झाली, तेव्हा पहिले महायुद्ध चालूच होते. आचार्य रामचंद्र शुक्लांनी तिचा गौरव केला आणि पुढच्या समीक्षेने तिच्यातील संयत प्रेम व त्याग यांचीच प्रामुख्याने चर्चा केली. सुनील दत्त आणि नंदा यांच्या १९६० मधील चित्रपटानेही तोच धागा उचलला. हे वाचन चुकीचे नव्हे. मात्र त्यामुळे एक साधी गोष्ट नजरेआड झाली : ही रजेवर घरी गेलेल्या शिपायाची कथा आहे, आणि त्या घरातले काहीही आपल्याला दाखवले जात नाही.

जमादार लहनासिंह जमिनीच्या दाव्यासाठी सात दिवसांची रजा काढून गावी जातो. तेथेच त्याला पलटण आघाडीवर निघाल्याचे पत्र मिळते. सोबत सुभेदार हजारासिंहाचाही निरोप येतो, की जाताना आमच्या घरी उतर, मिळूनच निघू. कथानकाच्या दृष्टीने सारे काही या रजेवर अवलंबून आहे. ती नसती तर सुभेदारणीची भेट नाही, तिचे मागणे नाही, पुढचे बलिदानही नाही. तरीही गुलेरी ती एक-दोन वाक्यांत उरकतात. चाकरमानी गावी आला की उंबरा, अंगण, आईचा हात, जुने सोबती यांच्या वर्णनात मराठी लेखणी रमते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा संकोच अधिकच जाणवतो. लेखक रेंगाळतो तो वाटेवरच्या परक्या घरी.

कथेच्या आरंभी अमृतसरच्या बाजारात भेटणारी बारा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी दोघेही तेथली नव्हेत. दोघे मामाकडे आलेली आहेत. त्यांचे पहिले बोलणे सोयरिकीविषयी नसून घराविषयी आहे. तुझे घर कुठले, येथे कोणाकडे राहतेस, हेच मुलगा आधी विचारतो. सोयरिकीचा प्रश्न त्यानंतरचा. मामाच्या गावची ही ओळख महिनाभराची, म्हणजे तीही एका अर्थाने सुटीतलीच. गुलेरींच्या 'बुद्धू का काँटा' या कथेतही प्रयागला शिकणारा रघुनाथ प्रवासात विहिरीवर पाणी मागतो आणि त्याचे आयुष्य वळण घेते. मुक्कामापेक्षा वाट या लेखकाला अधिक खुणावते.

असे का असावे, याचे उत्तर केवळ चरित्रात शोधणे धोक्याचे असते. पण येथे चरित्र लेखकाच्या नावातच येऊन बसले आहे. गुलेर हे कांगड्यातील गाव. तेथले पंडित शिवराम शास्त्री जयपूर दरबारच्या आश्रयाला आले आणि ७ जुलै १८८३ रोजी चंद्रधर जयपुरात जन्मले. तेथेच वाढले, तेथूनच त्यांनी 'समालोचक' चालवले. पुढे अजमेरच्या मेयो कॉलेजात अध्यापन केले आणि १९२२ मध्ये काशीत वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी निवर्तले. एवढ्या आयुष्यात आडनाव मात्र गुलेरचेच राहिले. 'कर'प्रत्ययी आडनावांच्या मराठी वाचकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. ज्या गावात आपण राहत नाही त्याचेच नाव आपण लावतो. जयपुरात अशी माणसे नवी नव्हती. अठराव्या शतकात सवाई जयसिंहाच्या पदरी असलेले आणि युक्लिडची भूमिती संस्कृतात आणणारे सम्राट जगन्नाथ महाराष्ट्रीय होते. जयसिंहाच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार विसाव्या शतकाच्या आरंभी झाला, तेव्हा तरुण गुलेरी त्या कामात होते. गॅरेट यांच्यासह त्यांनी या वेधशाळेवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९०२ चे आहे. परप्रांतीय पंडितांच्या या नगरीत कुळाचे गाव मनात कसे टिकते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसणार.

याचा पुरावा कथेच्या भाषेत आहे. खंदकात लहनासिंह सोबत्याला सांगतो, की आपले मरण 'खड्डे'च्या काठी येणार आहे, भावाच्या मांडीवर डोके असेल आणि स्वतः लावलेल्या आंब्याची सावली असेल. ओढ्याला 'खड्ड' म्हणतात ते कांगड्याच्या बाजूला. थट्टेत येणारे 'लाडी होरां' हे शब्दही पहाडी बोलीतले. शीख जमादाराच्या तोंडी ते कसे आले, असा आक्षेप घेता येतो आणि वास्तवाच्या काटेकोर हिशेबाने तो खराच आहे. बोलीच्या बाबतीत गुलेरी एरवी फार सावध असतात, म्हणून तर ही चूक बोलकी ठरते. ज्या गावाने केवळ आडनाव दिले, त्या गावाचा ओढा लेखकाने आपल्या पात्राला मरणासाठी देऊन टाकला आहे.

कथेचे दोष याहून वेगळे आहेत. जर्मन हेराचे सोंग उघडे पाडण्याचा प्रसंग चतुर आहे, पण त्याची जात रहस्यकथेची आहे. त्याहून खटकते ते लहनासिंहाच्या पत्नीचे अस्तित्वही कथेत न उमटणे. त्याला मुलगा आहे, हे आपल्याला अखेरच्या भ्रमात कळते, तेही आडवळणाने. वजीरासिंहालाच भाऊ कीरतसिंह समजून लहना म्हणतो, की आषाढात आंबा फळेल, काका-पुतण्यांनी मिळून खावा. पुतण्या जेवढा तेवढेच हे झाड, त्याच्या जन्माच्या महिन्यातच लावलेले. ज्याने आपली कांबळी आणि जर्सी दुसऱ्याच्या मुलाला, बोधासिंहाला, दिली, त्याचे स्वतःचे मूल असे एका झाडाच्या मापाने प्रथमच समोर येते. रजेच्या सात दिवसांत वगळलेले घर येथे परत येते, पण शुद्ध हरपताना. तोपर्यंत सुभेदार आणि बोधा यांना त्याने गाडीत बसवून दिलेले आहे आणि जखम लपवलेली आहे.

यानंतर गुलेरी शोकाला जागा देत नाहीत. काही दिवसांनी वर्तमानपत्रात छापून आलेल्या नोंदीवर कथा संपते. फ्रान्स आणि बेल्जियम आघाडीची ती ६८ वी यादी. तीत मृत्यूचे कारण आहे, पलटणीचा क्रमांक आहे, हुद्दा आणि नाव आहे. गावाचे नाव नाही.