पीएच.डी. ही मोठी परीक्षा नव्हे : नारळीकरांचे आत्मचरित्र वाचताना

तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. त्यामुळे बी.एस्सी. झालेला माणूस पुढे काय काम करतो, हे पालघर-बोईसरच्या मुलांना शेजारीपाजारीच दिसते. पीएच.डी. करणारा मात्र सहसा पाहण्यात नसतो. बी.एस्सी., एम.एस्सी. आणि मग त्याहून मोठी परीक्षा, अशीच अनेकांची समजूत असते. ती दूर करण्यासाठी जयंत नारळीकरांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रातला (साहित्य अकादमी पुरस्कार, २०१४) केंब्रिजचा भाग वर्गात जरूर वाचून दाखवावा. मात्र तेवढ्यावर भागणार नाही.

केंब्रिजमध्ये नारळीकर आधी पदवीचे विद्यार्थी होते. १९५९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ते सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले आले. ट्रायपॉसचा प्रश्न कितीही अवघड असो, तो सुटतो हे विद्यार्थ्याला माहीत असते. प्रश्न काढणाऱ्याने तो आधी सोडवलेला असतो. फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली संशोधन सुरू झाले आणि हा आधार गेला.

फेब्रुवारी १९६१ मधला प्रसंग पाहा. मार्टिन राईल यांची रेडिओस्रोतांची मोजणी हॉईल यांच्या स्थिर-स्थिती विश्वाच्या सिद्धान्तात बसत नव्हती. स्रोत सर्वत्र सारखे विखुरलेले नसून त्यांचे मोठाले पुंजके असतील, तर मोजणी तशी येऊ शकते, असे उत्तर हॉईल व नारळीकर यांनी तयार केले. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेच्या वेळी हॉईल यांना दुसरे काम होते. राईल यांच्यासमोर उभा राहिला तो २२ वर्षांचा विद्यार्थी! बरोबर उत्तर तिथे कोणाच्याच हाती नव्हते.

पुढे १९६५ साली सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणाचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. परीक्षेत अशा उत्तराला शून्य गुण पडले असते. पण दीर्घिकांचे महासमूह आणि त्यांच्यामधल्या प्रचंड पोकळ्या नंतरच्या दशकांत खरोखरच सापडल्या. आता याचे गुण कसे द्यायचे?

पुस्तकाची उणीव वेगळी आहे. लेखकाचे वडील स्वतः केंब्रिजचे रँग्लर आणि बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. संशोधन म्हणजे काय हे मुलाला घरातच कळले, आणि १९६३ साली पीएच.डी. हाती आली. आपल्या विद्यार्थ्याची पाच-सहा वर्षे जातात. बरोबरीचे मित्र कारखान्यात पगार घेऊ लागतात, नातेवाईक “अजून शिकतोयसच का?” म्हणून विचारतात, आणि इकडे प्रयोग महिनोन्‌महिने फसत असतो. ना वेळापत्रक, ना निकालाची तारीख. अशा दिवसांची तयारी या यशस्वी हकिकतीतून होत नाही. दोष लेखकाचा नाही. त्याने स्वतःचे आयुष्य सांगितले आहे. पण वर्गात ती बाजू शिक्षकांनाच भरून काढावी लागेल.

मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत किंवा आयआयटीत पीएच.डी. करणारा कोणी ओळखीचा निघाला, तर एखाद्या शनिवारी त्याला शाळेत बोलवावे. प्रबंधाचा विषय नंतर विचारावा. गेल्या सहा महिन्यांत काय जमले नाही, ते आधी.