उपडं मडकं आणि तीन ओळी

"हे काय, सगळेच पिवळे?" नवा कॉम्प्युटर सुरू झाल्यावर मावशीचं पहिलं वाक्य हे होतं.

जुना तिच्याकडे सोळा-सतरा वर्षं होता. जुन्या पनवेलातल्या घरात, पुढच्या खोलीत बसून तिने त्यावर लग्नपत्रिका, बारशाची निमंत्रणं, मंडळांचे अहवाल, अर्ज, प्रतिज्ञापत्रं असं काय काय टाइप करून दिलं. गेल्या पावसाळ्यात त्याने मान टाकली. दुरुस्तीवाल्या मुलाने 'डी' ड्राइव्हमधलं सगळं वाचवून नव्या मशीनवर आणून ठेवलं. त्यातली एकही फाइल गेली नव्हती. तरी मावशीला काही म्हणता काही सापडेना. तिने जवळजवळ प्रत्येक फोल्डरला स्वतः काढलेलं चित्र लावलं होतं, आणि ती चित्रं तेवढी आली नव्हती. कवितेचं रसग्रहण करतात तसं त्या चित्रांचंही करता येईल, हे ती डोळ्यांसमोर होती तोवर माझ्या कधी मनात आलं नाही.

मुळात चित्रं काढायची वेळ का आली, हे फोल्डरांची नावं पाहिली की कळतं. सगळी रोमन अक्षरांत, तुटक: 'एलजीएन', 'बीएएल', 'पीपीटी', एक नुसतंच '१२५'. मराठी कॉम्प्युटरवर आली ती आधी छपाईपुरती. त्या काळचे डीटीपीचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून काम भागवायचे. कागदावर 'शुभविवाह' उमटायचं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असायची. फोल्डरच्या नावाला तो फॉन्ट लागत नसे, त्यामुळे तिथे खिचडीच दिसे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फॉन्टही आला होता. पण टाइपरायटरच्या कळफलकावर हात बसलेल्या बाईने फोल्डरला नाव द्यायचं एवढ्यासाठी दुसरा कळफलक शिकायचा? म्हणून दिवसभर मराठी टाइप करणाऱ्या मावशीच्या कॉम्प्युटरवर एकाही फोल्डरचं नाव मराठीत नव्हतं.

आता 'बीएएल' म्हणजे काय समजायचं? बाळ, बल की बॅलन्स? मावशीकडे 'बीएएल' आणि 'बीएएल१' असे दोन होते. एकावर पाळणा होता, दुसऱ्यावर लाल कापडी बांधणीची चोपडी. पहिल्यात बारशाची निमंत्रणं, दुसऱ्यात गिऱ्हाइकांची उधारी. रोमन लिपीत 'ळ' मावत नाही, पाळण्यात मावला. मावशीच्या कॉम्प्युटरवरचं पहिलं मराठी नाव असं चित्रात लिहिलेलं होतं.

या चित्रांचा आकारबंध फार कडक. पेंटमध्ये बत्तीस बाय बत्तीसचा चौकोन घ्यायचा, तो आठपट मोठा करायचा, रेघांची जाळी चालू करायची आणि एकेक घर रंगवत जायचं. एकूण घरं १,०२४. मग एका छोट्या फुकट प्रोग्रॅममधून त्याची आयकॉनची फाइल करून घ्यायची. दुपारी जेवणानंतर मावशी हे करत बसायची तेव्हा घरातले म्हणायचे, झाली हिची रांगोळी सुरू. ते चेष्टेने म्हणायचे, पण चुकीचं नव्हतं. ठिपक्यांच्या रांगोळीत मोर काढायचा म्हणजे मोराला ठिपक्यांचं ऐकायला लावायचं. बाक हवा तिथे पायरी येते, आणि ती पायरी डोळ्याला बाक वाटेल अशी बेतावी लागते.

हीच कसरत ॲपलमध्ये सुझन केअर यांनी केली होती. जानेवारी १९८४ मध्ये बाजारात आलेल्या मॅकिंटॉशसाठी त्यांनी चौकटीच्या वहीत, बत्तीस बाय बत्तीसच्याच चौकोनात, काळीपांढरी चित्रं काढली. मॅकच्या कीबोर्डवर चार कोपऱ्यांना वेटोळी असलेला जो चौकोन दिसतो, तोही त्यांनीच तिथे आणला. स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळाच्या पाटीवर असतं ते चिन्ह आहे ते. मावशीने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "यात ठिपके राहिलेत" म्हणाली.

या चित्रांना 'आयकॉन' हे नाव डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांच्या १९७५ च्या स्टॅनफर्डमधल्या प्रबंधातून आलं. शब्द ख्रिस्ती धर्मातल्या पूजेच्या प्रतिमांचा. झेरॉक्सच्या 'स्टार' या कॉम्प्युटरवर १९८१ मध्ये फोल्डर पडद्यावर आला, तो अमेरिकी कचेरीतल्या जाड कागदाच्या फोल्डरचं रूप घेऊन. तिथला पिवळसर फोल्डर मनिला शहराच्या नावाने ओळखला जातो, कारण तो कागद पूर्वी फिलिपिन्समधल्या अबाका या झाडाच्या वाखापासून होई. विंडोजने तोच रंग उचलला. हे सगळं पुण्यात घडलं असतं तर? पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधलेले. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ मध्ये पंचेचाळीस खंड निवडून काढले ते या रुमालांतून. मग आपण डबल क्लिक करून गाठ सोडली असती.

पण सगळे रुमाल सारखे दिसले की खूण लागतेच. ती लावायची सोय मॅकवर १९९१ च्या 'सिस्टिम ७' मध्ये आली. विंडोज एक्सपीत तर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइझ, चेंज आयकॉन, एवढंच. त्यासाठी विंडोज आतून काय करतं, ते मला मावशीच्या हरवलेल्या चित्रांमुळे कळलं. फोल्डरच्या पोटात 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' नावाची एक लपलेली फाइल तयार होते, आणि फोल्डरला 'रीड-ओन्ली'ची खूण लागते. इथे तिचा अर्थ 'यात काही बदलू नका' असा होत नाही. आत चिठ्ठी आहे, आधी ती वाचा, असं ती विंडोजला सांगते. लपलेल्या फाइली दाखवायला लावल्या तर प्रत्येक पिवळ्या फोल्डरात ती चिठ्ठी शाबूत होती.

चिठ्ठी तीन ओळींची. पहिली ओळ चौकटी कंसात, एका टिंबाने सुरू होणारी. पत्राच्या वर 'श्री' घालावा तशी, नुसती रीत. तिसऱ्या ओळीत शून्य: दिलेल्या फाइलमधलं पहिलं चित्र घ्या, कारण इथे मोजणी शून्यापासून. सगळा मजकूर मधल्या ओळीत, आणि तोही पत्ताच. 'सी' ड्राइव्ह, त्यात रोमन अक्षरांतच 'खुणा' नावाचा फोल्डर, त्यात 'पाळणा डॉट आयसीओ'. 'सी' ड्राइव्ह तर जुन्या मशीनबरोबर गेला होता. म्हणजे चिठ्ठी पोचली, पण तिच्यातलं घरच राहिलं नव्हतं. पत्त्यावर कुणी सापडेना म्हणून विंडोज मुकाट्याने पिवळा रंग दाखवत होतं.

अगदी सगळेच पिवळे नव्हते म्हणा. दोन फोल्डर जसेच्या तसे आले: एकावर झाड, एकावर चांदणी. ती चित्रं विंडोजच्या स्वतःच्या 'शेल३२' या फाइलमधली, म्हणजे कुठल्याही विंडोजवर सापडणारी. तयार खुणा टिकल्या, हाताने केलेल्या गेल्या. मावशीला त्या दोन फोल्डरांत काय आहे ते आठवत नव्हतं.

मग मी एकेक चिठ्ठी उघडून मधली ओळ वाचत गेलो. 'एलजीएन'च्या चिठ्ठीत 'मुंडावळ्या'. गणपती, कलश, सनई यांचे ढीग पत्रिकेवर छापण्यासाठी त्याच फोल्डरात भरलेले असताना तिने बाहेर मुंडावळ्या घेतल्या. मला ही निवड फार नेमकी वाटते. कलश वास्तुशांतीलाही असतो, गणपती कुठेही असतो. मुंडावळ्या लग्न आणि मुंज सोडून कुठे दिसत नाहीत, आणि काढायला दोन उभ्या सरी पुरतात. मधे चेहरा काढावा लागत नाही. दोन सरी लोंबल्या की कपाळ आपोआप दिसतं.

खरी गंमत '१२५' मध्ये होती. पनवेल-उरण भागात हा आकडा कुणालाही कळतो: सिडकोने जमिनी घेतल्या, त्यांच्या बदल्यात विकसित जमीन देण्याची साडेबारा टक्के योजना. याच जमिनींसाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जासईच्या आंदोलनात पाच जणांचे जीव गेले, तो महिनाही मॅकिंटॉशचाच, जानेवारी १९८४. मावशीकडे या योजनेचे अर्ज टाइप करून घ्यायला लोक यायचे. त्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या बायका सहीच्या जागी अंगठा उठवायच्या. मावशीच्या टेबलावर शाईचा पॅड कायम उघडा असे. त्या फोल्डरवर एक काळा, उभा, किंचित कललेला अंगठा होता. मी तो कित्येक वर्षं पाहिला आणि अंगठाच समजत आलो. चिठ्ठीत फाइलचं नाव निघालं 'कर्नाळा'.

मुंबई-गोवा रस्त्याने पनवेल सोडलं की कर्नाळ्याचा सुळका दिसायला लागतो. किल्ल्याच्या माथ्यावर उभा राहिलेला तो काळा दगड, नेमका अंगठ्यासारखा. मी विचारलं, "अगं, हा अंगठा होता की कर्नाळा?" मावशी म्हणाली, "दोन्ही. ज्यांची जमीन गेली त्यांचाच अंगठा ना?" कवितेत याला आपण श्लेष म्हणतो. शब्दाला दोन अर्थ असतात तसे इथे एका काळ्या आकाराला दोन, आणि दुसरा अर्थ कुणाला दिसणार नाही अशा लपलेल्या फाइलीत ठेवलेला. सोळा बाय सोळाच्या लहान आकारात बाकीच्या चित्रांचा चिखल व्हायचा. हा अंगठा मात्र लहान होऊनही ओळखू यायचा, कारण त्याला बाह्यरेषेखेरीज काही नव्हतंच.

चिखल व्हायचा हे खरं आहे, आणि रसग्रहणात उणिवाही सांगाव्यात. मावशीला रंगांचा सोस. पाळण्याला तिने चार रंगांची चिमणाळी लावली होती, ती लांबून मुंग्या लागल्यासारखी दिसायची. मोठी उणीव दुसरी. या खुणा तिच्यापुरत्या होत्या. ती चार दिवस गावाला गेली की दुसऱ्या कुणाला त्या कॉम्प्युटरवर काही मिळायचं नाही. आपण पदराला गाठ मारतो ती कशाची, हे गाठीवर लिहिलेलं नसतं.

म्हणून मी नव्या मशीनवर सगळ्या फोल्डरांना मराठी नावं द्यायला बसलो. आता फोनसारखं बोलूनही मराठी टाइप होतं. 'एलजीएन'चं 'लग्नपत्रिका' झालं, 'बीएएल'चं 'बारसं'. 'पीपीटी' पाहून मला ते ऑफिसातल्या स्लाइड्सचं काम वाटलं. आत आमच्या घरच्या पोपटीचे फोटो निघाले, दर हिवाळ्यातले. मी 'पोपटी' असं नाव लिहिलं. मावशीने मान हलवली.

"छान. हे नाव तुला झालं. मला चित्र काढून दे."

चिठ्ठीत 'मडकं' एवढाच शब्द होता. मी पेंट उघडलं, बत्तीस बाय बत्तीस घेतलं, खाली गोल पोट, वर अरुंद मान, काठाला फिकट रेघ. या वेळी आयकॉनची फाइल त्या फोल्डरातच ठेवली आणि चिठ्ठीत पत्त्याच्या जागी नुसतं तिचं नाव लिहिलं. म्हणजे पुढच्या खेपेला फोल्डर कुठेही गेला तरी खूण त्याच्या पोटातच असेल. पडद्यावर मडकं उमटलं. मी खुशीत होतो.

मावशी चष्मा वर करून बघत राहिली. "हे पाणी भरायचं झालं," ती म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, भांबुर्ड्याचा पाला कोंबून तोंड बंद करायचं आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. पोपटीचं मडकं सुलटं असतं कधी? दर वर्षी मी ते खातो, फोटोही मीच काढलेले. तिने माझ्या हातातून माउस घेतला, रोटेटमध्ये जाऊन एकशे ऐंशी अंशांवर क्लिक केलं, सेव्ह केलं.

"आता शिजेल," म्हणाली.