कविता : कानाची आणि डोळ्यांची

पुस्तकांच्या दुकानात कवीने कविता वाचावी, ही प्रथा मला मोलाची वाटते. मात्र तिचे मोल कवीच्या गळ्यात नाही, शेजारच्या फळीवरील पुस्तकात आहे. १९३६ साली पॅरिसमधील सिल्व्हिया बीच यांचे ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ अडचणीत आले, तेव्हा आंद्रे जीद, एलियट यांनी तेथे वर्गणीदारांपुढे वाचन केले. दुकान तगले.

आपल्याकडे रविकिरण मंडळाने काव्यगायन लोकप्रिय केले. पण गोड गळ्यावर सामान्य कविताही तरून जाते. सभागृहात टाळी पडली की निकाल लागला! दुकानात मात्र अपील उरते. श्रोता पुस्तक उघडतो, तीच ओळ मनात वाचतो. तेथे टिकेल ती कविता. उरलेला नुसता आवाज. म्हणून दुकानदारांनो, खुर्च्या मांडताना फळ्या झाकू नका.