न विझणारी ट्यूब

बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना बिंदुसरा धरणापाशी पाली लागते. अशा गावांतून संध्याकाळी विहिरींवरचे पंप सुरू झाले की विजेचा दाब उतरायचा. बल्ब पिवळा पडायचा, पण जळत राहायचा. ट्यूब मात्र फडफडायची आणि विझायची. हे तिथल्या पोरांना पाठ होतं. पण फळ्यावर आपण ट्यूबची जी आकृती काढतो, तिच्यात हे दिसतं का?

ती आकृती म्हणजे एक चोक आणि त्याला एकसर जोडलेला एक रोध. ४० वॅटच्या चार फुटी ट्यूबमधून सुमारे ०.४३ अँपिअर धारा जाते, तिच्या टोकांमधला दाब सुमारे १०३ व्होल्ट. भागाकार केला की २४० ओहम. चोकमधली उष्णता सोडून देऊन त्याचा अडथळा ४७७ ओहम धरला, की २३० व्होल्टला हिशेब चोख जुळतो. जुळणारच, आकडे तिथलेच घेतले आहेत!

आता दाब १६० व्होल्टवर आणा. आकृती सांगते, धारा ०.३० अँपिअर आणि ट्यूबवरचा दाब ७२ व्होल्ट. प्रत्यक्षात धारा घटली की ट्यूबमधले विद्युतभारित कणही घटतात, आणि तिच्यावरचा दाब उतरण्याऐवजी थोडा चढतोच. शिवाय धारा सेकंदाला १०० वेळा शून्य होते. दरवेळी ट्यूबला नव्याने पेटावं लागतं. तेवढा दाब मिळाला नाही की अंधार. फळ्यावरचा रोध कधी विझतच नाही.

मग रोध पुसून टाकायचा? नाही. इलेक्ट्रॉनिक चोक ट्यूबला २५,००० हर्ट्झच्या आसपास वीज देतो. अर्धं आवर्तन २० मायक्रोसेकंदांत संपतं. इलेक्ट्रॉन विरायला मिलिसेकंदाच्या घरात वेळ लागतो, म्हणून तेवढ्यात त्यांची संख्या बदलतच नाही. दाब आणि धारेचा आलेख जवळजवळ सरळ रेषा येतो. ५० हर्ट्झला खोटं ठरलेलं प्रारूप इथे खरं ठरतं!

तेही बेतानेच. ट्यूब मंद केली की रेषा सरळ राहते, पण रोध वाढतो. पेटण्यापूर्वी तर तो जवळजवळ अनंत असतो, आणि चोक आखणारा त्याचाच फायदा घेतो. ट्यूबला समांतर जोडलेला कपॅसिटर आणि वेटोळं यांच्या अनुनादाने दाब शेकडो व्होल्टवर चढतो, ट्यूब पेटते, आणि पेटलेली ट्यूबच तो दाब खाली आणते. एकच आकडा धरून बसणाऱ्याचा चोक चालायचा नाही.

ट्यूब आता जाताहेत. मिनामाता कराराच्या देशांनी २०२३ मध्ये २०२७ अखेरची मुदत ठरवली. पण आकृती सोपी आहे ही आमची तक्रार नाही. ती किती दाबाला, किती वारंवारतेला लागू, हे तिच्याखाली कुणी लिहीत नाही, ही आहे. परीक्षेत ‘७२ व्होल्ट’ला गुण आणि ‘विझेल’ला शून्य, हे आम्हाला पटत नाही.

नववी-दहावीच्या मुलांना तेच गणित ट्यूबवरचा दाब १०३ व्होल्ट कायम धरून द्या. १६० व्होल्टला धारा ०.२६ अँपिअर येते. मग १०० व्होल्ट द्या. वर्गमुळाखाली ऋण संख्या येते, उत्तरच निघत नाही. खरी ट्यूब त्याच्या बऱ्याच आधी विझलेली असते.