वाऱ्याला आडोसा

चिनी वैद्यकातल्या असंख्य योगांमध्ये 'यू पिंग फंग सान' हा अगदी आटोपशीर योग आहे. ह्वांगची, बायझू आणि फांगफंग या तीनच वनस्पती, आणि तिन्हींचा जमिनीखालचा भाग. जुन्या चिनी घरांत झोत अडवण्यासाठी दाराशी किंवा बैठकीमागे पडदा उभा करत. तसाच जेडचा पडदा शरीराभोवती उभा राहावा, या कल्पनेतून योगाला हे नाव मिळाले. ज्यांना सर्दी पुन्हा पुन्हा गाठते, त्यांच्यासाठी तो आजही चीनमध्ये दिला जातो.

त्याचे सौंदर्य कळण्यासाठी आधी ही रचना कोणत्या जगात उभी आहे ते पाहायला हवे. चिनी वैद्यकाच्या दृष्टीने सर्दी म्हणजे बाहेरच्या वाऱ्याची बाधा. शरीरात 'वेई ची' नावाची रक्षक शक्ती असते. ती त्वचेलगत फिरते, ऊब देते आणि रोमरंध्रांची उघडझाप सांभाळते. ती क्षीण झाली की रंध्रे किलकिली राहतात. मग माणसाला श्रमाशिवाय घाम फुटतो आणि साधी झुळूकही बाधते. झू दानशी (१२८१–१३५८) या वैद्याची शिकवण शिष्यपरंपरेने 'दानशी शिनफा' या ग्रंथात संकलित केली. त्यात हा योग आपोआप येणाऱ्या घामावर सांगितला आहे. सर्दी व्हायच्या आधीच जो घाम तिला वाट करून देतो, त्या घामापाशी ही रचना सुरू होते. तिची सारी दूरदृष्टी मला इथे दिसते.

आता घटक पाहू. ह्वांगचीचे लांब मूळ उत्तर चीनमधून येते. त्याचे तिरपे काप पिवळसर असतात, चव गोडसर असते आणि चावताना कच्च्या शेंगेसारखा वास येतो. शेंगवर्गातलीच ही वनस्पती. रक्षक शक्तीला बळ देऊन रंध्रे आवळणे हे तिचे काम. बायझूचा गाठाळ, सुगंधी कंद झेजियांगचा नावाजलेला. तो त्वचेकडे जातच नाही. पचन सांभाळणाऱ्या प्लीहेला तो बळ देतो. पंचतत्त्वांच्या मांडणीत प्लीहा ही पृथ्वी आणि फुप्फुस हे धातू. पृथ्वीतून धातू जन्मतो, आणि त्वचा-रोम फुप्फुसाच्या अधीन. म्हणजे त्वचेवरचा पहारा पोटातून पोसला जातो. ह्वांगची पहारेकऱ्याला उभे करते, तर बायझू त्याच्या शिध्याची सोय लावतो.

इथवर योग भक्कम आहे, पण जिवंत नाही. त्याला प्राण येतो तो फांगफंगमुळे. कोथिंबीर आणि ओव्याच्या कुळातले हे मूळ वारा बाहेर घालवते, म्हणजे रंध्रे मोकळी करते. एक घटक दार लावतो आणि दुसरा ते उघडतो, असा हा उघड विरोध. चिनी वैद्य एक धोका वारंवार सांगतात: चोर आत असताना दार लावू नये. नुसती ह्वांगची तेच करील. नुसते फांगफंग आधीच अशक्त असलेल्याला आणखी घाम आणील. दोघे एकत्र आले की ह्वांगची रोग कोंडत नाही आणि फांगफंग शक्ती सांडत नाही. ली दोंगयुआन (११८०–१२५१) यांनी या जोडीचे मर्म नेमके सांगितले: दोघे एकमेकांना वचकून असतात आणि तरी एकमेकांच्या कामी येतात, म्हणून फांगफंगच्या सोबतीने ह्वांगचीचा गुण वाढतो. विरोध मिटवून टाकण्यापेक्षा त्यालाच कामाला लावणे, ही या योगाची खरी कला.

प्रमाणांतही अर्थ आहे. 'दानशी शिनफा'त बायझू दोन लियांग आणि बाकी दोन्ही एकेक लियांग. चिनी औषधसंहितेतल्या आजच्या दाणेदार पाठात मात्र ह्वांगची ६०० भाग, तर बायझू आणि फांगफंग प्रत्येकी २००. घटक तेच, पण भर बदलला. जुन्या पाठाचा विश्वास पोटावर आहे, नव्याचा रक्षक शक्तीवर. मला जुना पाठ अधिक खोल वाटतो, कारण तो त्वचेवरच्या तक्रारीचे मूळ जेवणात शोधतो. त्याची कृतीही घरगुती आहे: भरड चूर्ण, दीड पेला पाणी आणि आल्याच्या तीन चकत्या. चिनी स्वयंपाकघरात ह्वांगचीचे काप कोंबडीच्या रश्श्यातही उकळतात. औषध आणि अन्न यांची सीमा तिथे पुसट होते.

रसिकाने मर्यादाही मानायला हवी. हा योग सर्दी येण्याआधीचा आहे. अंगात ताप असताना, घसा लाल झालेला असताना तो घ्यायचा नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणाऱ्यांनी ह्वांगचीपासून दूर राहावे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये. रक्षक शक्तीची कल्पना प्रयोगशाळेच्या भाषेत जशीच्या तशी उतरत नाही, आणि हा योग म्हणजे सर्दी न होण्याची हमीही नाही.

तरीही हा योग मला थोर वाटतो, कारण बाहेरच्या वाऱ्याशी तो भांडत बसत नाही. वारा वाहणारच, हे त्याने मान्य केले आहे. ज्याला तो लागतो त्याचे पोट, त्याचा श्वास आणि त्याची त्वचा यांची घडी नीट बसवणे एवढेच तो आपले काम मानतो, आणि तेवढ्यासाठी लागतो त्याहून एकही घटक जास्त घेत नाही.